पाठमोरे पाच दिवस

मंगळवारी सकाळी माझ्या हातून डब्याचं झाकण निसटलं. स्टीलचं मोठं झाकण, फरशीवर आपटलं, काठावर उभं राहून गरगर फिरायला लागलं आणि फिरता फिरता त्याचा आवाज वाढतच गेला. शेजारच्या बाईंनी भिंतीपलीकडून काय पडलं म्हणून विचारलं. खिडकीतलं कबुतर उडालं. माझे स्वतःचे खांदे कानांपर्यंत वर गेले. झाकणापासून दोन हातांवर, माझ्याकडे पाठ करून, गोटी बसली होती. गोटी म्हणजे माझी मुलगी, वय महिने वीस. ती कपड्यांचे चिमटे एका खोक्यात टाकत होती. लाल चिमटा टाकला, मग निळा. झाकण थांबलं तेव्हा पिवळा तिच्या हातात होता आणि तो खोक्यात टाकावा की तोंडात घालावा, एवढाच काय तो प्रश्न तिला पडला होता. मी झाकण उचललं, धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. बायको अंघोळ करून आली, काय पडलं म्हणाली, मी झाकण म्हणालो आणि कामावर निघून गेलो. संध्याकाळी परतलो तो सुट्टी मंजूर करून घेऊनच. डोंगरात जाऊ या, म्हणालो, एकाच रस्त्यावर तीन राष्ट्रीय उद्यानं आहेत, पाच दिवसांत आरामात होतात, गोटीला हरणं दाखवू. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. लग्नाला सात वर्षं झाली, आणि सहलीचं नाव काढलं की माझी पाठ हटकून धरते, हा तिचा अनुभव. पण ती खूश झाली. लगेच माळ्यावरून बॅग काढायला लागली, आणि मी खाली स्टूल धरून उभा राहिलो तेव्हा मला कळलं की मी पळून चाललोय. कुणापासून, ते मात्र मी स्वतःलाही विचारलं नाही.

मी लोकांचे कान तपासतो. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक आवाजबंद खोली आहे, तिला जाड काच आहे, काचेच्या अलीकडे मी आणि माझं यंत्र, पलीकडे हेडफोन लावून बसलेला माणूस. आवाज आला की बटण दाबा, म्हणून सांगायचं आणि मग हळूहळू आवाज कमी करत जायचं, तो जिथे संपतो तिथे कागदावर खूण करायची. अठरा वर्षं हेच करतोय. काही आजोबा असे असतात की मी काहीच वाजवलेलं नसताना बटण दाबतात. सुनेसमोर हार मानायची नसते. त्यांचं मला हसू येतं. लहान मुलांच्या आईबापांचं मात्र हसू येत नाही, राग येतो. अडीच-तीन वर्षांचं मूल घेऊन येतात आणि म्हणतात, जरा बघता का, बोलत नाही अजून. इतके दिवस काय करत होतात, असं मी विचारतो. तोंडावर विचारतो. लहान मेंदूला आवाजाची सवय लागायचे दिवस मोजके असतात, त्यातला एकेक महिना मोलाचा असतो, हे मी त्यांना शाळामास्तरासारखं सुनावतो आणि ते फरशीकडे बघत राहतात. मागच्या वर्षी एक बसचालक आला होता, अंगावर खाकी, हातात मुलाचा बूट. वाटलं, येईल बोलायला, एवढंच म्हणाला. घरी येऊन मी बायकोला त्याची नक्कल करून दाखवली होती. चांगली जमली होती.

आता या अठरा वर्षांची एक सवय. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याशी पाठीमागून बोलायचं नसतं. समोर जायचं, आधी दंडाला हलकेच हात लावायचा, आपलं तोंड उजेडाकडे ठेवायचं, ओठ नीट हलवायचे, हातांनीही सांगायचं. हे माझ्या इतकं अंगात मुरलंय की मी वाण्याशीही असाच बोलतो. लग्न झाल्यावर बायकोला त्याची गंमत वाटायची, नवरा भांडायचं झालं तरी समोर येऊन, दंड धरून, सावकाश भांडतो, असं ती मैत्रिणींना सांगायची. मग तिलाही ती सवय लागली. गोटी झाली तेव्हा आमचं घर या बाबतीत अगदी तयार होतं. तिला उचलायच्या आधी हात लावायचा. तोंडासमोर तोंड नेऊन बोलायचं. जेवायचं म्हणताना बोटं ओठांवर, बाहेर जायचं म्हणताना बोट दाराकडे, झोपायचं म्हणताना गाल तळहातावर. येणारेजाणारे थक्क व्हायचे. एवढीशी आहे पण सगळं समजतं हो हिला, म्हणायचे. समजायचंच. आमच्या घरात तिला कुणी कधी पाठीमागून हाक मारलीच नाही. दुसऱ्या एखाद्या वेंधळ्या, आरडाओरडा करणाऱ्या घरात आठवड्याभरात जे लक्षात आलं असतं, ते आमच्या शहाण्या घरात दहा महिने झाकून राहिलं.

दहा महिने, कारण दहा महिन्यांपूर्वी तिला ताप आला होता. जन्मली तेव्हा तिचे कान उत्तम होते, मी स्वतः तपासले होते, तो कागद अजून माझ्या खणात आहे. ताप आला, चढला, आठ दिवस हॉस्पिटलात काढले, तिच्या इवल्याशा मनगटात सुई आणि सुईतून जाणारी जहाल इंजेक्शनं. घरी सोडताना मुलांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ताप बरा झाला पण कान तपासून घ्यायला हवेत, लगेच, आणि मग हसल्या. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, असं म्हणाल्या. मीही हसलो. ते माझ्याकडे लागलं, म्हणालो. बायकोने ते ऐकलं आणि तो विषय तिच्यापुरता मिटला, नवऱ्याचं कामच ते, त्यात तिने काय लक्ष घालायचं. पहिल्या आठवड्यात गोटी अशक्त होती. मग तिला सर्दी झाली, सर्दीत तपासणी नीट होत नाही, हे खरंच आहे. मग दात. मग यंत्र दुरुस्तीला गेलं. मग ते आलं आणि माझ्याकडे कारण उरलं नाही, तेव्हापासून मी विचार करायचंच सोडून दिलं. तापाच्या आधी ती बाबाबा, मामामा अशी लांबच लांब माळ लावायची. तापानंतर ती माळ तुटली. कधी तरी एक ऊं, एक किंकाळी, बस. आई फोनवर म्हणायची, तू तर अडीच वर्षांचा होईपर्यंत मुका होतास, आणि आता बघ, पाढा सुरू केलास की थांबत नाहीस. मी ते वाक्य औषधासारखं दोन वेळा घ्यायचो. मला भीती वाटत होती. परक्याच्या मुलाला मी त्या खोलीत बसवू शकत होतो. तिला नाही.

गुरुवारी पहाटे निघालो. शहरात गाडीतून जाताना बायको नेहमी मागे गोटीशेजारी बसते. पण घाट सुरू झाला की मागे बसून तिच्या पोटात ढवळतं, म्हणून पहिल्या वळणालाच ती पुढे आली, मांडीवर कागदी पिशवी घेऊन. आणि आम्ही दोघं, लेकीचा जन्म झाल्यापासून पहिल्यांदाच, तिच्याकडे पाठ करून बसलो. हे आधी माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पळायला म्हणून जी जागा शोधली, तिथे माझ्यासमोर एक वीतभर आरसा होता आणि त्या आरशात ती होती. बायको समोर बघून बोलत होती. गोटी, झाडं बघ किती उंच. गोटी, ते बघ पाणी. आरशात गोटी स्वतःच्या मोज्याकडे बघत होती. बायको गाणी म्हणायला लागली, चिऊची, काऊची, एकामागून एक, आवाज तिचा चांगला आहे, आणि मध्येच मान वळवून मागे बघितलं की गोटीचा चेहरा उजळायचा, दोन्ही हात नाचायचे. बघ, तिला आवडतंय, असं म्हणून बायको पुन्हा पुढे वळायची, कारण मागे वळलं की ढवळायचं. बायको वळली की गोटी विझायची. मी बघत होतो. आंधळ्या वळणांवर हॉर्न वाजवा अशा पाट्या होत्या, मी वाजवत होतो, हवा त्याहून जरा जास्तच वाजवत होतो, आणि दर वेळी डोळे रस्त्यावरून आरशाकडे जात होते. ती झोपली होती. एक ट्रक कर्कश भोंगा वाजवत अंगावरून गेला, बायको दचकली, मागे बघून हसली. किती गाढ झोपते, म्हणाली, अगदी माझ्यावर गेली. मी हो म्हणालो.

पहिल्या उद्यानाच्या फाटकावर वनरक्षक होता, मिशीवाला, बोलका. त्याने सांगितलं की या दिवसांत अस्वलं खाली उतरतात, पायवाटेने जाताना गप्प राहू नका, बोला, टाळ्या वाजवा, गाणी म्हणा, माणूस येतोय हे त्यांना कळलं की ती वाट सोडतात. बायकोला हे फार आवडलं. गाण्याला आता सरकारी कारण मिळालं. गोटीला मी पाठीवरच्या झोळीत बसवलं होतं, ती माझे दोन्ही कान धरून स्वार झाली होती, आणि पुढे बायको टाळ्या वाजवत, गात, मधूनच अस्वलाला उद्देशून चार शब्द सुनावत चालली होती. पाइनची झाडं एवढी दाट की आवाज दोन पावलांवर विरून जायचा. मी मनात मोजत होतो. दहा महिने म्हणजे तीनशे दिवस. त्यातले रोज बारा तास जागी. या हिशेबाला अर्थ नव्हता तरी तो थांबत नव्हता, चप्पलेत खडा गेल्यावर पाऊल थांबवायलाही जागा मिळू नये तसं झालं होतं. मग पाठीत काही तरी जाणवलं. गोटी ऊं ऊं करत होती. तिच्या छातीतली ती थरथर माझ्या बरगड्यांतून आत येत होती. तिलाही ती तशीच येत असेल, हाडांतून, आवाज म्हणून नव्हे. मी थांबलो. बायकोने दमलास का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. त्या पाच दिवसांत मी किती वेळा हो म्हणालो असेन.

दुसऱ्या उद्यानात धबधबा होता, आणि खरं सांगायचं तर त्या सबंध सहलीत माझा जीव फक्त तिथे शांत झाला. इतकं पाणी कोसळत होतं की जवळ उभं राहिल्यावर कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. सगळी माणसं एकमेकांच्या दंडाला हात लावत होती, तोंडासमोर तोंड नेत होती, हातवारे करत होती. कॅमेरा हवा, मागे हो, भिजशील, असं सगळं बोटांनी चाललं होतं, आणि बिचाऱ्यांना जमत नव्हतं, एक गृहस्थ बायकोला छत्री मागत होते आणि त्या त्यांना केळं देत होत्या. त्या सगळ्यांत पटाईत होती ती गोटी. तिने बायकोच्या पदराला हिसका दिला, पाण्याकडे बोट केलं, मग स्वतःचे केस दाखवले, मग दात. माझे केस ओले झाले आणि मला मजा वाटतेय. कुणालाही समजलं असतं. मी तिथून हलायला तयार नव्हतो. थंडीने तिचे ओठ निळे झाले तेव्हा बायकोने मला अक्षरशः ओढून नेलं.

चौथ्या दिवशी तळ्याकाठच्या लाकडी खोलीत, दुपारी, बायको खुर्चीच्या पाठीवर ओले मोजे वाळत घालत होती. गोटी खिडकीत उभी राहून काचेवर नाक चेपत होती. मी नकाशा बघत होतो, म्हणजे नकाशा समोर धरून बसलो होतो. बायको माझ्याजवळ आली, दंडाला हात लावला आणि समोर बसली.

"तिला ऐकू येतं ना रे?"

वाक्य तोंडाशी आलं होतं. नाही म्हणायला एकच अक्षर जास्त लागतं. पण मी नकाशाची घडी घातली, आणि हॉस्पिटलात जो आवाज काढतो तो काढला.

"माझं कामच आहे ते. मला कळलं नसतं का?"

तिने इतका मोठा सुस्कारा टाकला की मला तो गालावर लागला. मग ती स्वतःलाच हसली. दोन दिवस मागे वळून बघतेय, म्हणाली, उगाच डोक्यात किडा शिरला, तुला विचारायचीही लाज वाटत होती. ती पुन्हा मोज्यांकडे वळली आणि गुणगुणायला लागली. मी सिगारेट ओढत नाही, तरी बाहेर जाऊन येतो म्हणालो. तळ्याला सबंध फेरी मारली, मग आणखी एक. पाण्यात बर्फाचे डोंगर उलटे दिसत होते आणि लोक त्यांचे फोटो काढत होते. त्या बसचालकाने निदान थाप तरी मारली नव्हती. मी माझ्या धंद्याची शपथ घेऊन बायकोला फसवलं होतं, आणि तिला ते पटावं इतका मी त्या धंद्यात हुशार होतो. माझी मलाच शिसारी आली. परत जाऊन सांगायचं असं मी प्रत्येक वळणावर ठरवलं. खोलीवर पोचलो तेव्हा दोघी झोपल्या होत्या.

पाचव्या दिवशी, तिसरं उद्यान पाहून खाली उतरताना, शेवटच्या खिंडीत गाडी थांबवली. सपाट जागा, कठडा, पलीकडे दरी. एक म्हातारं जोडपं थर्मासमधला चहा घेत होतं, एक कुटुंब चटईवर बसून पाव खात होतं, तिघं सायकलवाले आडवे पडले होते. गोटी त्यांच्या आणि आमच्या मधोमध उकिडवी बसून खडे गोळा करत होती, आमच्याकडे पाठ, त्यांच्याकडे तोंड. मी गाडीची काच पुसत होतो. बायको माझ्या बाजूला उभी होती आणि माझ्याशी बोलता बोलता मध्येच गोटीकडे वळली. मग तिने हाक मारली. गोटी. नेहमीच्या आवाजात. मग जरा मोठ्याने. माझा हात काचेवरच थांबला. तिसऱ्यांदा तिने गोटी म्हटलं नाही, पाळण्यातलं पूर्ण नाव घेतलं, आणि असं घेतलं की म्हाताऱ्याच्या हातातला चहा हिंदकळला. सगळे वळले. म्हातारी वळली, पाव खाणारं पोर तोंडातला घास तसाच ठेवून बघायला लागलं, सायकलवाले उठून बसले. सगळ्या खिंडीत खडे मोजत बसलेलं असं एकच माणूस होतं. मग त्या माणसाने मान वर केली. म्हातारीकडे बघितलं, पोराकडे बघितलं, सायकलवाल्यांकडे बघितलं. आणि गोटी मागे वळली. आई दिसली, तशी मुठीतले खडे सांडत, दोन्ही हात पसरून पळत सुटली.

"वळली!" बायको म्हणाली. तिने गोटीला उचलून घट्ट धरलं होतं आणि ती रडत होती. भराभर बोलत होती. काल तू सांगितलंस तरी माझ्या जिवाला चैन नव्हतं, म्हणाली, म्हणून म्हटलं एकदा आपणच बघावं. तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, चुकलंच माझं. तिने माझी माफी मागितली. चार माणसांसमोर, डोळे पुसत, माझी.

आमच्या आवाजबंद खोलीत लहान मुलांची तपासणी दोघांनी करायची असते. एक जण मागून खुळखुळा वाजवतो, दुसरा समोर खेळवत बसतो, आणि समोरच्याने चेहरा मख्ख ठेवायचा असतो, डोळासुद्धा उचलायचा नाही, कारण मुलं फार चलाख असतात. खुळखुळा नाही ऐकू आला तरी तुमची नजर कुठे गेली ते बघून ती वळतात. नवशिके तंत्रज्ञ तिथेच फसतात आणि कागदावर बरोबरची खूण करतात. इथे समोर आठ माणसं होती आणि एकाचाही चेहरा मख्ख नव्हता. हे सगळ्या खिंडीत फक्त मला माहीत होतं. मी गप्प राहिलो असतो तर आम्ही आनंदाने घरी गेलो असतो. आणखी एक महिना मिळाला असता, कदाचित दोन. मी तो महिना हातात घेऊन बघितला. तो माझा नव्हता, तिचा होता, आणि तसे दहा मी आधीच खाल्ले होते. मी फडकं खाली ठेवलं, बायकोच्या समोर गेलो, पण दंडाला हात लावायचं धैर्य झालं नाही.

"तिला ऐकू नाही आलं," मी म्हणालो. "सगळे तुझ्याकडे बघायला लागले, ते बघून ती वळली."

ती थोडा वेळ हसऱ्याच चेहऱ्याने माझ्याकडे बघत राहिली. मग तो चेहरा हळूहळू उतरला.

"तुला कधीपासून माहितीये?"

मंगळवारपासून, म्हणालो. तेही पुरतं खरं नव्हतं, म्हणून बाकीचं सांगितलं. ताप, डॉक्टरीणबाई, सर्दी, दात, यंत्र, खणातला कागद. उद्याच तपासतो, म्हणालो, मी नाही, दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगतो, यंत्रं असतात, शस्त्रक्रिया असते, उशीर झालाय पण सगळं संपलेलं नाही. माझं सगळं खरं होतं आणि ती त्यातलं काहीच ऐकत नव्हती. म्हातारं जोडपं चहा आवरून उठलं होतं. वारा होता. तिने दरीकडे बघितलं, मग गाडीकडे, मग पुढच्या सीटकडे.

"पाच दिवस मी गात होते," ती म्हणाली. "आणि गाडीत ऐकणारा तू एकटाच होतास."

ती हे माझ्याकडे न बघता, दुसरीकडे तोंड करून बोलली. गोटीने दोन्ही हातांनी तिची हनुवटी धरली आणि तिचं तोंड स्वतःकडे वळवलं. आई काही तरी बोलतेय, हे तिला दिसलं होतं.